घण-ऐरण बॅच

आर्वी चौगुलेनं आयुष्यातली पहिली थोबाडीत मारली, तेव्हा जिला बसली ती गप्प राहिली आणि जिनं मारली ती रडली.

बाबर सरांना रडण्याशी देणंघेणं नव्हतं. ते आर्वीच्या पाठीमागच्या पडद्याकडं बघत होते. पडद्यावर आकडा होता एक्क्याऐंशी.

"पुन्हा," ते म्हणाले.

"सर, तिला लागलंय."

"लागलंय म्हणूनच म्हणतोय. प्रांजल, मान सरळ."

प्रांजल कोष्टी बालवाडीपासून आर्वीच्या शेजारी बसत आली होती. आज पहिल्यांदा समोर बसली होती, लोखंडी स्टुलावर. तिनं मान सरळ केली आणि लाल गालाकडचा डोळा मिचकावला. "मार की गं. माशी बसल्यागत वाटलं मला."

आर्वीनं पुन्हा मारली. आकडा झाला पंच्याऐंशी, आणि बाबर सरांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला, जणू इचलकरंजीला समुद्रच लागला होता.

ज्या शेडमध्ये हे चाललं होतं तिथं पूर्वी यंत्रमाग चालायचे. माग भंगारात गेले, शेड रिकामी पडली, आणि रिकाम्या शेडला आपल्याकडं दोनच भवितव्यं असतात: मंगल कार्यालय नाहीतर क्लास. दारावर आता 'घण शिष्यवृत्ती क्लासेस' अशी पाटी होती. आतून पूर्वी खटक-खटक ऐकू यायचं, आता फटक-फटक ऐकू येत होतं. शेजाऱ्यांची सवय मोडली नाही, एवढाच काय तो फायदा.

प्रकार सुरू झाला होता एका भल्या कल्पनेतून. वाईट कल्पनांना इतक्या देणग्या मिळत नाहीत.

झालं होतं असं, की शिष्यवृत्ती कुणाला द्यायची हे कळेनासं झालं होतं. घरोघरी शिकवणारी यंत्रं आल्यापासून बारावीच्या अर्ध्या पोरांना अठ्ठ्याण्णव टक्के पडत आणि उरलेल्यांना सत्त्याण्णव. निबंध यंत्र लिही, शिफारसपत्र यंत्र लिही आणि आलेले अर्ज वाचून खूश होणारंही यंत्रच असे. देणगीदार मात्र अजून माणूसच होता, आणि देणगीदाराचं एक जुनं दुखणं असतं. न दिलेलं दान त्याला कधी छळत नाही, पण दिलेलं वाया गेलं की जेवण जात नाही. पोरं पहिल्या वर्षाचे पैसे घेत आणि दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून देत. टिकणारं पोर आधी ओळखायचं कसं?

उत्तर सापडलं मेंदूत. मेंदूची दोन अर्धुकं जिथं एकमेकांना टेकतात त्या फटीत, कपाळाच्या जरा मागं, एक अरुंद पट्टा आहे. एखादी गोष्ट माणसाला नकोशी वाटते आणि तरीही तो ती करतो, तेव्हा या पट्ट्याकडं रक्ताचा ओघ वाढतो. शास्त्रज्ञांनी हजारो पोरांच्या मेंदूंवर वर्षानुवर्षं पाळत ठेवली. ज्यांचा हा पट्टा जोमानं काम करी ती पोरं कॉलेज सोडत नसत. मग ती हुशार असोत नाहीतर माठ. त्यावरून कपाळाला बांधायची एक पट्टी निघाली. ती कवटीतून आत मंद प्रकाश आणि कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडी, परतलेल्या लहरींवरून तिथलं रक्त मोजी आणि शून्य ते शंभर यांतला एक आकडा पडद्यावर टाकी. शास्त्रज्ञांनी तिला लांबलचक नाव दिलं होतं. लोकांनी ते कापून 'जिद्दपट्टी' केलं.

तिला फसवता येत नसे. मनातून 'नको' उठलंच नाही, तर आकडा वर जाईना. 'नको' उठलं आणि माणूस मागं सरला, तर आकडा कोसळे. 'नको' आतून ओरडत असताना हात कामाला लागला, तरच तो चढे.

नवसोपान निधी नावाची एक मोठी संस्था याच आकड्यावर शिष्यवृत्ती देऊ लागली. फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं आलं त्यात. परीक्षा अगदी साधी. आपल्याला जड जाणारं एक काम आपणच निवडायचं आणि दहा मिनिटं ते परीक्षकांसमोर करायचं. सरासरी पंचाहत्तरच्या वर गेली की झालं. पहिल्या वर्षी लाजाळू पोरांनी सभेत गाणी म्हटली, कुणी कारल्याचा रस प्याला, एकानं पाल हातात धरली. वर्तमानपत्रांतून फोटो आले. गोड प्रकार होता.

दुसऱ्या वर्षी क्लास निघाले आणि गोडवा संपला. कारण उघड होतं. लाजाळू पोराकडून महिनाभर गाणी म्हणून घेतली की ते लाजाळू राहत नाही. ते माइक सोडायला तयार होत नाही आणि आकडा वीसवर येतो. सरावानंच परीक्षा बुडायची! कोचिंगच्या धंद्याला एवढा मोठा धोका कधी झाला नव्हता. मग बाबर सरांनी, जे पूर्वी शाळेत पीटी शिकवत आणि छडीसाठी प्रसिद्ध होते, शोध लावला की एका गोष्टीची सवय लवकर होत नाही. मार. पोरानं जागेवरून न हलता मार खाल्ला की आकडा चढतो आणि बरेच दिवस चढलेला राहतो. पालकांनी आधी नाकं मुरडली, मग रांगा लावल्या.

गावाचा हिशेब बदलला. बर्फाचा कारखाना पुन्हा सुरू झाला. हाडवैद्यानं गाडी घेतली. आणि आर्वीच्या आईनं, सुवर्णाबाईंनी, आपल्या खानावळीबाहेर नवी पाटी लावली: 'क्लासच्या मुलांना हळद-दूध मोफत. (जेवणाबरोबर.)'

सुवर्णाबाईंचा नवरा ट्रकवर असे आणि पंधरवड्यातून एकदा पाहुण्यासारखा घरी येई. खानावळ, घर आणि पोरगी ही बाई एकटी ओढत होती, आणि तिघांनाही ती सारख्याच आवाजात ओरडायची. आर्वीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. परभणीच्या कॉलेजला प्रवेश मिळेल एवढे मार्क होते, ते काय सगळ्यांनाच होते. नव्हता तो तिथं पाच वर्षं राहण्याचा खर्च. शिष्यवृत्ती मिळाली तर परभणी, नाही मिळाली तर परात. इतकं ते सरळ होतं.

"मांजरीच्या पायातला काटा काढताना ही मांजरीपेक्षा जास्त ओरडली होती," सुवर्णाबाई गिऱ्हाइकांना सांगायच्या. "हिला डॉक्टर व्हायचंय. गायीला सुई टोचायची झाली, की ही आधी गायीच्या गळ्यात पडून रडणार."

नेमकं हेच बाबर सरांच्या लक्षात आलं होतं. मार खाताना आर्वीचा आकडा साठच्या वर जात नव्हता. जोडी बदलून तिच्या हातून प्रांजलला मारवून बघितलं आणि घबाड सापडलं. जिला दुसऱ्याचं दुखणं बघवत नाही, तिच्यासाठी मारणं हेच सगळ्यात जड काम. सरांनी लगेच नवी तुकडी काढली, घण-ऐरण बॅच. मारणारा घण, मार खाणारी ऐरण. दोघांच्याही कपाळाला पट्टी, दोघांचाही अभ्यास, फी दुप्पट.

पहिले काही आठवडे दोघी मैत्रिणींनी ते निभावलं, जसं लहानपणी दुखरे दात पाडून घेणं निभावलं होतं. मारून झालं की आर्वी प्रांजलच्या गालाला बर्फ लावायची.

"आज जरा बरी बसली," प्रांजल म्हणायची. "काल नुसती खाजवल्यागत केलंस."

"तुझा किती आला?"

"बावन्न. दात हालला तेव्हा अठ्ठावन्न झाला होता. उरलेलेपण हालवून बघ की."

दोघी हसायच्या, आणि हसताना प्रांजल गाल धरायची.

मग प्रांजलचा आकडा उतरू लागला. सवय झाली होती. मार बसायचा, मान हलायची, आत काहीच उठायचं नाही. बावन्नचे चाळीस झाले, चाळिसाचे बावीस. एका सकाळी बाबर सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की कोष्टी परीक्षेला जाणार नाही. पण ऐरण म्हणून ती चांगली आहे, हलत नाही, तेव्हा तिनं आर्वीसाठी बसत राहावं, फी माफ. प्रांजलला कापडाच्या रंगांचं रसायनशास्त्र शिकायला जायचं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखी स्टुलावर जाऊन बसली.

आर्वीनं पट्टी बांधली. "प्रांजल, आज नको वाटत असेल तर—"

"मला काय वाटायचं राहिलंय? बावीस आहे माझा." प्रांजलनं वर बघितलं. तिच्या आवाजात आज थट्टा नव्हती. "तूच मार. तुझी आई बाबराला दोन्ही वेळचा डबा फुकट देती म्हणून तू घण झालीस, नायतर तू बसली असतीस हितं आणि मी उभी असते. डॉक्टर होणार म्हणे. तुझ्या आईनं तुझी जागा डब्यावर विकत घेतलीय."

डब्याचं खरं होतं. म्हणूनच लागलं.

हात खांद्यापासून आला. तळवा बसला तेव्हा आर्वीच्या अंगात काहीतरी सुटलं, कुकरची शिट्टी सुटावी तसं, आणि बरं वाटलं. सरांनी 'पुन्हा' म्हणायच्या आत तिनं दुसरी मारली. मग डाव्या कानावर तिसरी, त्याच जागी चौथी. प्रांजल स्टुलासकट आडवी झाली. आर्वीनं तिला केसांनी धरून उठवलं आणि पाचवी मारली. त्यानंतर तिला दिसलं की आपल्या बोटांना चिकट काहीतरी लागलंय आणि ते प्रांजलच्या कानातून येतंय.

बाबर सर पडद्यासमोर उभे होते.

"सतरा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. दुकानदाराला नासका माल दिसावा तशी खंत होती. "चौगुले, तुला आवडायला लागलं."

प्रांजल कान धरून उठली, कुणाकडं न बघता चप्पल घालून गेली. ती परत क्लासला आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं की कानाचा पडदा फाटलाय, आतली नसही गेलीय, डाव्या कानानं आता ऐकू येणार नाही. ही बातमी आर्वीला खानावळीत कळली, कुणीतरी ताक वाढून घेता घेता सांगितलं तेव्हा. ती प्रांजलकडं गेली नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत यायची.

परीक्षा आठवड्यावर आली, तेव्हा बाबर सर दुपारी जेवायला बसल्या बसल्या म्हणाले, "वहिनी, आपला घण बोथट झाला."

सुवर्णाबाई आमटी वाढत होत्या. "म्हणजे?"

"हिला आता कुणालाबी मारायला लावा, आकडा चढत नाही. दोन नव्या पोरी बसवून बघितल्या. चाळीसच्या वर जाईना."

"मग आता?"

"अशी ऐरण पायजे, जिच्यावर हात उचलायचं हिच्या जिवावर येईल." सरांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "आणि सराव करायचा नाही. सरावानंच जातं ते. एकदम परीक्षेलाच."

सुवर्णाबाईंनी पळी भांड्यात ठेवली. वांग्याऐवजी बटाटा चालेल का, असं विचारावं तशा त्या म्हणाल्या, "मी बसले तर चालतं का?"

"आई!" आर्वी ओरडली.

"गप गं. नवऱ्यानं मारलं नाही, सासूनं मारलं नाही. आयुष्यात एवढं एकच राहून गेलंय, ते तुझ्या हातनं होऊन जाऊ दे."

"मी नाही मारणार."

"नाही मारणार असं वाटतंय न्हवं? झालं तर मग." सुवर्णाबाईंनी सरांकडं बघितलं. "हेच पायजे ना तुम्हाला, सर?"

"हेच," सर म्हणाले आणि त्यांनी आणखी आमटी मागितली.

परीक्षा कोल्हापुरात होती, निधीच्या वातानुकूलित सभागृहात. बाहेर बाकांवर उमेदवार बसले होते. एकाच्या मांडीवर बर्फाची बादली होती. एक मुलगी डोळे मिटून पुटपुटत होती. तिला आपल्या वडिलांना तोंडावर 'तुम्ही खोटं बोलता' असं सांगायचं होतं, आणि वडील शेजारीच बसून पेपर वाचत होते. आतल्या खोलीत कापूस, बर्फ आणि एक परिचारिका हजर होती. निधी मोठा काळजीवाहू होता. ऐरणीची लेखी संमती घेतल्याशिवाय तो कुणाला मार खाऊ देत नसे.

मुख्य परीक्षक डॉ. इनामदार बाई मऊ आवाजाच्या होत्या. "हे काम तू स्वतः निवडलंस ना?"

आर्वीनं आईकडं बघितलं. आई कानांतली फुलं काढत होती. ती तिनं परिचारिकेच्या हातात दिली, "मोजून घ्या हं, दोन आहेत," म्हणाली, पदर खोचला आणि स्टुलावर बसली.

"हो," आर्वी म्हणाली.

काचेपलीकडं बाबर सर उभे होते. पट्टी बांधली गेली. पडद्याशी एक तरुण तंत्रज्ञ बसला होता, त्यानं बोट वर केलं.

आर्वीचा हात उठेना. तिला आईचं कपाळ दिसलं, चुलीच्या धगीनं कायम तांबूस झालेलं. पडद्यावर आकडा थरथरत होता.

"माझे डबे थांबलेत तिकडं," आई म्हणाली. "मार."

तिनं मारली. त्र्याण्णव.

"एवढंच? भाकरी थापताना याहून जोर लावतीस."

दुसरी. शहाण्णव. तंत्रज्ञ खुर्चीत पुढं सरकला. आर्वीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हात चालला होता. तिसरी, चौथी. आईचा ओठ फुटला, हनुवटीवर रक्त आलं, ते तिनं जिभेनं पुसलं. एक्क्याण्णव. आई काहीबाही बोलत राहिली, की तुझ्या बापाला सांगू नकोस, की शेजारच्या काकूंना सांगू पायरीवर पडले म्हणून. मग ओठ सुजल्यावर तिचं बोलणं थांबलं आणि नुसता आवाज उरला. ओल्या पिठावर थापटी मारावी तसा.

किती वेळ गेला ते आर्वीला कळलं नाही. कळलं एवढंच, की रडणं थांबलंय. समोर आई नव्हती. गाल होता. गालावर एक जागा होती आणि त्या जागेवर हात पडत होता. चौऱ्याऐंशी, बहात्तर, साठ. काचेपलीकडून बाबर सरांनी अंगठा दाखवला. खरंच, हिशेब तिच्या बाजूनं होता. सुरुवातीचे आकडे इतके भरघोस होते की शेवट कितीही घसरला तरी सरासरी तरणार होती. फक्त वेळ संपेपर्यंत मारत राहायचं. परभणी आता काही थपडांवरच उरली होती.

एक्केचाळीस.

हात पुन्हा वर गेला, विचाराच्या आधी, स्वतःहून. आणि तोवर एकदाही न हललेल्या आईनं डोळे मिटून मान खांद्यात ओढून घेतली. तिला कळलं होतं. आधीच्या थपडा कशा होत्या आणि ही कशी येतेय, ते गालाला पडद्याच्या आधी कळतं.

आर्वीनं हात खाली घेतला.

"चालू ठेव," डॉ. इनामदार म्हणाल्या.

ती उभी राहिली. सगळं जातंय हे तिला दिसत होतं. पांढरा कोट, गोठ्यातली ओली वासरं, पाच वर्षं. अंगातला कण न् कण सांगत होता, मार, दोन मार, संपव. हात मांडीला चिकटवून ती उभी राहिली. पडद्यावरचा आकडा वळला. एक्केचाळीसवरून साठ, ऐंशी.

"मॅडम," तंत्रज्ञ जवळजवळ ओरडला, "अठ्ठ्याण्णव! इतका अजून कुणालाच आलेला नाही."

डॉ. इनामदार उठून पडद्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. "बाळ, तशीच उभी राहा. आपण काम बदललं असं लिहू, 'न मारणं' असं. नियमात बसतं. नुसती उभी राहा, शिष्यवृत्ती तुझी."

"उभी राहा की," आई सुजल्या तोंडानं म्हणाली. "नुसतं उभं तर राहायचंय."

आर्वीच्या छातीवरचं ओझं उतरलं. मारायचंही नाही आणि परभणीही मिळणार! तिनं सुटकेचा श्वास सोडला, आणि आकडा कोसळला. अठ्ठ्याण्णवचे पंचावन्न, पंचावन्नचे तीस. न मारणं फायद्याचं ठरलं त्या क्षणी ते सोपं झालं होतं, आणि पट्टीला सोप्याचं कौतुक नव्हतं.

"पडतोय, मॅडम."

डॉ. इनामदारांनी घड्याळाकडं बघितलं. "मग राहू दे. पहिलंच काम पुढं चालू कर. शेवटचं मिनिट आहे, सरासरी अजून अठ्ठ्याहत्तर आहे. दोन-तीन हळूच मार. कशाही मार."

आईनं मुकाट्यानं गाल पुढं केला. दुसरा गाल, पहिला कामातून गेला होता.

आर्वीनं कपाळावरची पट्टी सोडली. पडदा काळा झाला. वेळ संपायच्या आत पट्टी काढली की परीक्षा रद्द, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलेलं असतं. काचेपलीकडं बाबर सरांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तिनं पट्टीची घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"आई, तुझी कानातली घे," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत सुवर्णाबाई तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. कंडक्टर तिकीट देऊन पुढं सरकला तशा त्या वळल्या आणि त्यांनी आर्वीच्या थोबाडीत अशी काही मारली की पुढच्या तीन रांगा मागं वळून बघू लागल्या.

"ही माझी," त्या म्हणाल्या. "एवढा मार खाल्ला मी, आणि ही महाराणी पट्टीची घडी घालून टेबलावर ठेवती. घडी!"

आर्वी गाल धरून बसली. थोड्या वेळानं सुवर्णाबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, ओठ ओला केला, कण्हल्या, आणि बाटली तिच्याकडं दिली.

"जगात काय हा एकच निधी आहे? उद्यापासून दुसरे शोध. पट्टी नसलेले. जुन्या पद्धतीचे, गरिबी बघून देणारे कुठंतरी उरले असतील."

"उद्या बघते. आज एक काम आहे."

"कुठलं?"

"कोष्ट्यांच्या गल्लीतलं."

सुवर्णाबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं आणि पदर पुन्हा तोंडाला लावला. "डबा नेऊ नकोस," त्या एवढंच म्हणाल्या.

प्रांजल घराच्या पडवीत शिलाई मशीनवर बसली होती. साड्यांना पिको-फॉल करायचं काम तिनं धरलं होतं. आर्वी पायरी चढून तिच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "प्रांजल."

मशीन चालत राहिलं.

"प्रांजल, मी आलेय."

मशीन थांबेना. आर्वीला वाटलं की ही बोलायचं नाही म्हणून बसलीय, आणि ती वळली. दोन पायऱ्या उतरल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती परत चढली, मशीनला वळसा घालून उजव्या बाजूला गेली.

"प्रांजल."

प्रांजल दचकली. तिचा पाय मशीनवरून निघाला. आर्वीच्या गालावर आईची पाच बोटं अजून होती, त्यांच्याकडं तिनं बघितलं.

"किती आला?"

"नाही आला. काढली पट्टी."

"काकूंना मारून?" गावात सगळ्यांना ठाऊक होतं. "मारून वर काढली?"

"हो."

"मग हितं कशाला आलीस? माझ्याकडं काय शिष्यवृत्ती वाटतात?"

आर्वी वाटभर जुळवून आणलेलं सगळं विसरून गेली होती. उरलं होतं तेवढं ती बोलली. "त्या दिवशी मला बरं वाटलं. तुला मारताना. सर म्हणाले ते खरं होतं. चुकून नाही लागलं तुझ्या कानाला. मला थांबायचंच नव्हतं."

प्रांजलनं साडीतली सुई काढली, दोऱ्याच्या रिळात नीट खोचली आणि साडी बाजूला ठेवली. उठली. बसायचं स्टूल तिनं पायानं पुढं ढकललं.

"बस."

आर्वी बसली. प्रांजलनं मारली. आईची बोटं होती त्याच गालावर. डोळ्यांपुढं पांढरं झालं. दुसरी मारली, तिसरी मारली. तिसऱ्या वेळी आर्वीच्या नाकातून रक्त आलं आणि ते साडीवर पडू नये म्हणून तिनं नाकाखाली हात धरला.

"दुखतंय?" प्रांजलनं विचारलं. तिला धाप लागली होती.

"हो." आणि खरंच दुखत होतं; कितीतरी दिवसांनी. "तुला बरं वाटलं?"

प्रांजल आपल्या लाल झालेल्या तळव्याकडं बघत राहिली. मग तळव्यावर फुंकर घालत म्हणाली, "कुणास ठाऊक. पट्टी असती तर कळलं असतं."

तिनं हात पुन्हा वर उचलला आणि तो तिथंच, हवेत, थांबला. खाली यावा की नाही ते तिचं ठरत नव्हतं.

आर्वीनं मान सरळ केली.